एक ओलांडणं राहिलं

गुरुवार, १ नोव्हें. १९७९. पिंपरी

साप्ताहिक सुट्टी. सकाळी रॉकेलच्या रांगेत दोन तास. मिळालं अर्धा डबा.

दुपारी सुजीने दादांना ओलांडलं. खोली दहा बाय बारा, दादा जेवून खाली चटईवर आडवे झालेले, पोर पाच वर्षांची. माठाकडे निघाली आणि गेली आजोबांच्या पायांवरून. दादा कधी आवाज चढवत नाहीत, आज चढवला. "परत जा. जशी आलीस तशी उलटी जा." घाबरली, पण गेली. पाठमोरी, भिंतीला धरून, पायांवरून मागे. मग तिला गंमत वाटायला लागली. "अजून एकदा?" दादा म्हणाले, "न्हाई. फिटलं आता."

शालिनी (यापुढे शा., शाई महाग आहे) मला हळूच म्हणाली, "ओलांडलं की वाढ खुंटते म्हणतात आमच्या लातूरकडेही. पण मामंजींची आता काय वाढ खुंटायची राहिलीय?" मी म्हटलं, आमच्या घरात ते जरा जास्त आहे. का, ते सांगितलं नाही. लग्नाला सात वर्षं झाली आणि अजून सांगितलेलं नाही. एकदा बसून सांगायला हवं.

शनि. ३ नोव्हें.

फर्स्ट शिफ्ट. कँटीनमध्ये दत्ता पाटील शेजारी येऊन बसला. तो प्रेस शॉपला, मी लेथवर. गाव एकच, चाकणच्या पलीकडचं. गावात असताना आमची घरं एकमेकांना दिसायचीही नाहीत. इथे एका थाळीत उसळ खातो.

म्हणाला, "किसनराव, एक काम होतं. राकुस पाहिजे."

मी पाव खाली ठेवला.

पुण्याच्या एका संग्रहालयातल्या बाई गावात येऊन गेल्या. देवळाच्या माळ्यावरची सोंगं बघून हरखल्या. गणपती, देवी, वेताळ, सगळे कागदाच्या लगद्याचे जुने मुखवटे. घुशी लागायच्या आत आम्हाला द्या, काचेत नीट ठेवू, असं म्हणाल्या. गावाने हो म्हटलं. सोंगांची जत्राच बंद पडलीय तर माळ्यावर ठेवून काय करणार. पण बाईंनी विचारलं, देवी आहे तर देवी मारते कुणाला? तेव्हा सगळे एकमेकांकडे बघायला लागले.

राकुस आमच्याकडे आहे. गोणपाटात, दादांच्या खाटेखाली.

"विचारून बघतो," म्हटलं. दत्ता म्हणाला, "जोर नाही राव. आई सारखी म्हणते म्हणून विचारलं." त्याच्या आईला, काकीला, संग्रहालयाशी काय देणंघेणं, कळेना.

रात्री शा.ला सगळं सांगितलं. इथेही लिहून ठेवतो, म्हणजे पुन्हा सांगावं लागणार नाही.

गावात चैत्रात सोंगं निघायची. प्रत्येक मुखवट्याचं एक घर ठरलेलं. देवी पाटलांच्या घरात, राकुस आमच्या घरात. शेवटी देवी राकसाला तलवार लावायची आणि तो पडायचा. मग सगळं गाव त्याला ओलांडून जायचं. म्हातारेकोतारे, बायका, काखेत तान्ही पोरं. गावाची इडापीडा त्याच्या अंगावर टाकून मोकळं व्हायचं. शेवटचा माणूस जाईपर्यंत त्याने हलायचं नाही. नंतर मागच्या वाटेने घरी जायचं, तोंड कुणाला दिसू द्यायचं नाही. आजोबा पडले, दादा पडले. मी पाच-सहा वर्षांचा असताना आईच्या पदराआडून एकदा पाहिलंय. मला आठवतात ते फक्त पाय. कंदिलाच्या उजेडात पायच पाय.

मग आम्ही सगळ्यांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. दादांनी गाव सोडलं, देहूरोडच्या डेपोत हमालीला लागले. निघताना राकुस बरोबर आणला.

शा.ने खाटेखाली वाकून बघितलं. मग म्हणाली, "आणि आपण त्या मुखवट्याच्या शेजारी झोपतो."

गुरु. ८ नोव्हें.

दादांना विचारलं. "न्हाई," म्हणाले. विषय संपला असं वाटलं. तासाभराने स्वतःच खाटेखालून गोणपाट ओढलं.

मी म्हटलं, सगळ्यांनी घरातले देव नदीत सोडले तेव्हा हा का नाही सोडला? म्हणाले, "सोडले ते देव व्हते. ह्यो देव न्हाई. ह्यो आपला हाय."

काळा, शिंगांचा, जीभ बाहेर. एक कान उंदरांनी खाल्लेला. सुजी अजिबात घाबरली नाही, "म्हैस आहे," म्हणाली. आजोबांनी केलेला, चिंचोक्याच्या खळीत कागद कुजवून. आतून आईच्या लुगड्याचं अस्तर. आणि तोंडाशी आडवी बाभळीची काडी बसवलेली. ती दातांत धरायची, म्हणजे पडताना मुखवटा सरकत नाही.

काडीवर दातांच्या खाचा आहेत. दादा लघवीला बाहेर गेले तेवढ्यात मी मुखवटा तोंडाला लावून काडी चावून बघितली. दात खाचांत बसले. एक इकडे नाही, एक तिकडे नाही. बापाची ठेवण लेकाला असायचीच, यात नवल काही नाही. तरी मला रडू आलं. शा.ने पाहिलं आणि भांडी घासायला घेतली.

गुरु. १५ नोव्हें.

कामगार केंद्रात बैठक. जानेवारीत नाट्यस्पर्धा, आमच्या कारखान्यातर्फे काहीतरी बसवायचं. दरवर्षी मी लिहितो म्हणून यंदाही माझ्याच गळ्यात. गेल्या वर्षी संपाचं नाटक केलं, त्यात भाषणं इतकी की पुढच्या रांगेतला परीक्षक झोपला. यंदा भाषण नको. यंदा कुणी बोलायचंच नाही असं काहीतरी करू म्हटलं. सगळे खूश, पाठांतर नाही.

डोक्यात राकुस आहे. देवी तलवार लावते, राकुस पडतो, माणसं ओलांडून जातात. एवढंच दाखवायचं. बघणाऱ्याला बघू दे काय दिसतं ते.

दत्ताला सांगितलं. देवीचा मुखवटा अजून गावातच होता, तो आणतो म्हणाला. त्याला वाटतं यातून राकसाची वाट संग्रहालयाकडे सुकर होईल. वाटू दे.

घरी येऊन दादांना विचारलं, मी घालू का. मला वाटलं चिडतील. बिडी विझवून म्हणाले, "घाल. तुझाबी हाय. पन पडायचं न्हाई."

"पडणं हाच तर खेळ आहे, दादा."

"व्हय. म्हनूनच सांगतोय. आपल्या घरातलं कुनी आता पडणार न्हाई. हुभ्यानं काय करायचं ते कर."

झालं. आता उभ्याने मरणारा राक्षस कुठून आणू?

मंगळ. २० नोव्हें.

सेकंड शिफ्ट. आटे पाडायचं काम आलं. टूलचा एकेक घास कापून झाला की मशीन उलटी फिरवायची आणि टूल त्याच वाटेने मागे आणायचं. घाई करून वेगळ्या वाटेने आणलं तर पाडलेले आटे बिघडतात. हजारदा केलंय, कधी त्याचा विचार केला नाही.

आज टूल मागे येताना बघत उभा राहिलो आणि सुजी आठवली, भिंतीला धरून उलटी जाणारी.

अख्खा खेळ उलटा करायचा. पडदा उघडतो तेव्हा राकुस आधीच पडलेला. माणसं पाठमोरी येतात आणि एकेक करून त्याला उलटी ओलांडून मागे जातात. सगळी फिटली की देवी तलवार मागे घेते, राकुस उठतो आणि ज्या वाटेने आला त्या वाटेने निघून जातो. पडायचं कुठेच नाही. फक्त उठायचं.

फोरमनने विचारलं, "काय रे, मशीनकडे बघून हसतोस?"

बुध. २१ नोव्हें.

दादांना सांगितलं. जेवताना अचानक, "सगळी उलटी जातील?" हो म्हटलं. "एकबी ऱ्हायला न्हाई पाह्यजे." नाही राहणार म्हटलं. भाकरीचा आणखी तुकडा मागून घेतला. एरवी अर्ध्यावर उठतात.

गुरु. २९ नोव्हें.

तालीम. उलटं चालणं वाटतं तितकं सोपं नाही. सहा माणसं, तिघे एकमेकांवर आपटले. पेंट शॉपचा शिंदे ऐनवेळी अडला. "मी जित्या माणसाला ओलांडणार नाही. पाप लागतं." म्हटलं, अरे ओलांडायचं नाही, ओलांडलेलं फेडायचंय. डोकं खाजवून म्हणाला, "मग चालेल." आता सगळ्यात चांगला तोच करतो.

खाली पडून राहिलो. फरशी गार. मुखवट्याच्या भोकांतून टाचा दिसतात, चपलांचे घासलेले तळ दिसतात. काडी दातांत असली की बोलता येत नाही, म्हणून दिग्दर्शन पायाने करावं लागतं.

चहाला दत्ता म्हणाला, "तुला माहितीय, मी देवी घ्यायला लागलो तेव्हा राकुस नव्हताच. कोहळा ठेवायचे." दादा गेल्यावर गावाने राकसाच्या जागी कोहळा मांडला. देवी कोहळ्याला तलवार लावणार, गाव कोहळा ओलांडणार. दोन-चार वर्षं चाललं, मग लोकांनाच हसू यायला लागलं आणि जत्रा मोडली. मी इतका हसलो की ठसका लागला. दत्ता हसला नाही. "आई नाही हसत," म्हणाला. "ती म्हणते कोहळ्याने काय भागतं होय."

मग सांगितलं. त्याची पहिली दोन मुलं वर्षाच्या आत गेली. हे मला माहीत होतं. आताचा बाळू आठ महिन्यांचा, सारखा ताप. काकीच्या मनाने घेतलंय की राकुस गावातून गेला, पोरं त्याच्यावरून गेली नाहीत, म्हणून हे होतं. डॉक्टर चालू आहे, तरी मनातलं मनात.

म्हणजे संग्रहालय नुसतं निमित्त. काकीला राकुस पाहिजे.

मी चहा घेतला.

गुरु. ६ डिसें.

दादा दादरला गेले. तालीम त्यांच्याशिवाय, तशीही ते येत नाहीतच. शा. सुजीला घेऊन आली होती. सुजीने शिंदेला उलटं चालायला शिकवलं.

गुरु. २७ डिसें.

दादांना घेऊन पुण्याला, संग्रहालयात. देवी सोडून बाकीची सोंगं पोचली होती, देवी दत्ताने कालच तालमीपुरती आमच्याकडे आणून दिली होती ती बरोबर घेतली, बाईंना माप हवं होतं, माप झालं की खेळासाठी परत आणायची. बाई चाळिशीच्या, चष्मा, बोलायला साध्या. दादांना खुर्ची दिली, चहा सांगितला.

मुखवटे भिंतीवर ओळीने. दादा गणपतीसमोर उभे राहिले, मग वेताळासमोर, कुणाच्या घरी जाऊन भेटावं तसे. बाईंनी देवी खुंटीला लावली. तिच्यासमोर दादा काही वेळ उभे राहिले, ओळख पटेना. मग गुडघ्यावर हात ठेवून खाली बसले आणि मान वर करून बघितलं. "हां," म्हणाले. "आता ओळखलं." त्यांनी तिला कायम जमिनीवरून पाहिलेलं.

देवीच्या शेजारी एक खुंटी रिकामी. बाईंनी ती राकसासाठी ठेवलीय.

खाली पुठ्ठ्याच्या चिठ्ठ्या. गावाचं नाव, सोंगाचं नाव, कागदाचा लगदा. दादांना वाचून दाखवलं. विचारलं, "आत कोन व्हता ते?" बाई म्हणाल्या, कुणी सांगितलंच नाही, तुम्ही सांगत असाल तर लिहिते. दादांनी सांगितलं. गणपती कुणाच्या घरात, वेताळ कुणाच्या, देवीला आधी थोरले पाटील आणि मग दत्ता. सगळ्यांची नावं, एकही न चुकता. बाई लिहीत होत्या. राकसाचं विचारलं तेव्हा म्हणाले, "ते आनीन तवा सांगीन."

आनीन म्हणाले. मी ऐकलं. बसमध्ये खात्री करून घेतली. "खेळ हुंदे," म्हणाले. "सगळी उलटी जाऊंदेत. मग तिथं ऱ्हायला हरकत न्हाई. मग त्यो कुनाचाबी राकुस न्हाई, नुसता कागूद."

गुरु. १० जाने. १९८०

आज स्पर्धा. उशीर झालाय, तरी आजच लिहितो.

केंद्राचा हॉल भरलेला. स्टेज म्हणजे वीतभर उंचीचा चौथरा, पहिल्या रांगेतल्याने पाय लांब केले तर स्टेजला लागतील. गावाहून दत्ताने टेम्पोभर माणसं आणली. काकी पहिल्या रांगेत, मांडीवर बाळू, टोपरं घातलेला. दादा शेवटच्या रांगेत, दाराशी. धुतलेला सदरा.

पडदा उघडला. मी पडलेलो. हलगी वाजवायची नाही असं ठरवलं होतं, नुसती शांतता. एकेक करून सहाही उलटे गेले. शिंदे शेवटचा. लोक आधी हसले, तिसऱ्याला गप्प झाले. गावची माणसं तर पहिल्यापासूनच गप्प. त्यांना कळलं होतं.

मग दत्ताने तलवार मागे घ्यायची आणि मी उठायचं. दत्ता थांबला होता. का थांबला ते मला कळेना. भोकांतून बघितलं तर स्टेजवर बांगड्यांचे हात आणि जोडव्यांचे पाय. पुढच्या बाजूने येत होते. सरळ.

काकी बाळूला काखेत घेऊन आली आणि मला ओलांडून गेली. सुलट. जशी पूर्वी जायचे तशी. लुगड्याचा काठ मुखवट्याच्या शिंगाला लागला, तो तिने अलगद सोडवून घेतला. मग पलीकडे उभी राहून बाळूच्या कपाळावरून हात फिरवून तो माझ्यावर झटकला आणि जाऊन जागेवर बसली. तिने काही वावगं केलं असं तिच्या चेहऱ्यावर अजिबात नव्हतं, हे नंतर शा.ने सांगितलं. राकुस पडलाय, कधी नव्हे तो मिळालाय, पोर आजारी आहे. कुठलीही आजी जाईल.

मी पडून राहिलो. दाताखाली काडी कुरकुरली. शेवटी दत्ताने तलवार मागे घेतली आणि मी उठलो, ठरल्याप्रमाणे चालत गेलो. टाळ्या बराच वेळ.

परीक्षकांनी भाषणात विशेष कौतुक केलं ते काकीचं. "प्रेक्षकांतून वृद्धा येते, ही दिग्दर्शकाची कल्पना अतिशय बोलकी." दुसरं बक्षीस. मी हात जोडले.

घरी येताना दादा पुढे, मी मागे, मुखवटा पिशवीत. रेल्वे फाटक बंद होतं, तिथे थांबलो. मालगाडी जात होती. दादा म्हणाले, "एक ऱ्हायलं."

मी म्हटलं, तिला कळलं नाही हो दादा. म्हणाले, "तिला कळलं न्हाई हे मला कळलं. तरी ऱ्हायलं."

सोम. १४ जाने. संक्रांत

दत्ता तिळगूळ घेऊन घरी. पहिल्यांदा आला. मान वर करेना. "आईला मी बोललो रे. लई बोललो." दादांनी त्याला तिळगूळ दिला, गोड बोल म्हणाले, आणि मग तितक्याच गोड आवाजात सांगितलं. "काकी परत उलटी गेली की राकुस तुमच्या संग्रहालयाला. तवर न्हाई."

दत्ता म्हणाला, विचारतो.

शुक्र. २५ जाने.

काकी नाही म्हणाली.

दत्ताने कँटीनमध्ये सांगितलं. बाळूचा ताप उतरलाय. संक्रांतीपासून एकदाही आला नाही, दूध पितो, वजन धरलं. डॉक्टरने औषध बदललं होतं हे खरं, पण काकीला कोण सांगणार. ती म्हणते, मी उलटी गेले तर पोरावरचं उतरलेलं परत पोरावर येईल. सखाला सांग, काय वाट्टेल ते माग, एवढं मागू नको.

सखा म्हणजे दादा. सखाराम. गावात अजून कुणीही त्यांना एवढ्याच नावाने बोलावतं, वय काही असो.

मला संताप आला. ओ.टी. न करता घरी आलो. शा.पुढे बडबड केली की पाटलांना अजून आमच्या अंगावरून जायचंय, ताप त्यांचा आणि अंग आमचं. शा. भाकरी थापत होती. म्हणाली, "सुजीला गोवर झाला तेव्हा तुम्ही डेपोतल्या पिराला नारळ दिला होता. मामंजींपासून चोरून."

दिला होता. तिचं खरं आणि दादांचंही खरं. अशा वेळी माणसाने जेवून झोपावं.

शुक्र. ८ फेब्रु.

संग्रहालयाच्या बाईंचा निरोप, दत्तामार्फत. पुढच्या महिन्यात दालन उघडायचं आहे, राकुस मिळाला तर बरं, नाही मिळाला तर रिकामी खुंटी काढून टाकतील. दादांना सांगितलं. "काडूंदे," म्हणाले.

पण तेव्हापासून रोज गोणपाट बाहेर काढतात. उंदराने खाल्लेल्या कानाला लगदा लावलाय, सुजीच्या जुन्या वह्यांच्या कागदाचा. चिंचोके शा.ने उकडून दिले. एकदा म्हणाली, "द्यायचा नाही तर दुरुस्त कशाला करताय?" दादा म्हणाले, "द्यायचा न्हाई असं कवा म्हनलो?"

गुरु. २१ फेब्रु.

दादांच्या छातीत दुखतंय दोन दिवस. ई.एस.आय.च्या दवाखान्यात नेलं, ई.सी.जी.ची पट्टी काढली, विश्रांती सांगितली. आल्यावर आडवे झाले. सुजी आता त्यांना वळसा घालून जाते, खाटेच्या कडेने, हात पसरून.

संध्याकाळी म्हणाले, "किसन, समदं गाव माज्यावरनं गेलं. मी मोजले न्हाईत. मोजायचे नसतात. तुज्या खेळात ते समदे गेले असं मी धरलं व्हतं. मन हलकं झालं व्हतं रे. खरंच झालं व्हतं." मग, "आन त्याच घडीला ही आली."

मी पाय दाबत बसलो. त्यांना एवढं बोलताना मी कधी ऐकलेलं नाही. मला भीती वाटते. त्यांच्या छातीची, आणि हे असंच राहून जाण्याची.

दत्ताला काही बोललो नाही. फक्त दादांना बरं नाही एवढं सांगितलं.

गुरु. ६ मार्च १९८०

सुट्टी. दुपारी दारात काकी. एकटी नाही, काखेत बाळू. दत्ता खाली स्कूटरपाशीच थांबलेला.

दादा खाली चटईवर, भिंतीला टेकून, पाय लांब केलेले. उठायला लागले. काकी म्हणाली, "उठू नगा. बरं न्हाई असं कळलं." उंबऱ्यात क्षणभर थांबली आणि आत आली. बसली. पाणी द्या म्हणाली, स्वतःहून. शा.ने दिलं, ती प्यायली. पदराने तोंड पुसलं.

खाटेवर राकुस होता, कान नवा, अजून रंग न दिलेला, पांढरा. काकीने पाहिला आणि नजर खाली घेतली.

"सखारामभाऊ," म्हणाली. दादांनी मान वर केली. मीही केली. "मला बाकी काईबी सांगा. पाया पडते म्हना. पन त्ये न्हाई व्हनार माज्याच्यानं. दोन नातू गेले."

दादा म्हणाले, "पाया कशाला पडता. मी मागत न्हाई. म्यां फकस्त सांगितलं, ऱ्हायलंय म्हनून."

"ऱ्हायलंय त्ये मलाबी कळतंय. झोप येत न्हाई मला," काकी म्हणाली आणि तिचे डोळे भरले. दादांचेही. दोन म्हातारी माणसं, एक या भिंतीला, एक त्या भिंतीला. मला इतकं वाईट वाटलं की मी उगाच स्टोव्हला पंप मारत बसलो.

चहा होईपर्यंत बाळू काकीच्या मांडीवरून उतरला होता. रांगायला लागलाय, अंगाने भरलाय. सुजीने त्याच्यासमोर चमचा वाजवला. चमच्याच्या मागे तो दादांपर्यंत गेला आणि कुणाला कळायच्या आत त्यांच्या पायांवर चढला. काकीचा हात पुढे आला आणि तसाच राहिला. इकडून तिकडे गेला तर ते काय धरायचं, आणि परत आला तर काय, हे तिलाही ठरवता येईना, मलाही.

सुजीलाच तेवढं माहीत होतं. ती ओरडली, "बाळू, पलीकडे नाही! आला तसा उलटा जा!"

बाळूने तिच्याकडे बघितलं, काकीकडे बघितलं. मग दादांच्या नडगीवर पोट टेकून, धोतर मुठीत धरून, तिथेच पसरला. एक पाय या बाजूला, एक त्या. लाळ गळत होती.

शा.ने चहा तसाच हातात धरला होता. दादांनी पाय हलवला नाही. न हलता पडून राहायची त्यांना सवय आहे. पण या वेळी ते बाळूकडे बघत होते, आणि त्यांच्या चेहऱ्यावर मुखवटा नव्हता.